आधी टाकी, मग नीडल

इंजिन नीट चालत नसलं की हात आधी नीडलकडे, म्हणजे इंधन कमी-जास्त करणाऱ्या बारीक स्क्रूकडे जातो. आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, कंट्रोल लाइनचं मॉडेल विमान उडवायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो, मग तो दहावीतला मुलगा असो की निवृत्तीनंतर छंदाकडे वळलेला गृहस्थ. आवाज जरा बदलला की दोन खटके आत, दोन खटके बाहेर, पुन्हा दोन आत. अर्ध्या तासानं मूळ सेटिंग कुठे होतं तेही कुणाला आठवत नाही आणि दोष होता तिथेच असतो. मला हे बघवत नाही. नीडल ही सगळ्यांत शेवटी हात लावायची वस्तू आहे. इंधनाचा दोष शोधायचा तर टाकीपासून निघायचं आणि इंजिनापर्यंत यायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलत.

कंट्रोल लाइन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मधोमध उभा माणूस, त्याच्या हातात हँडल, हँडलमधून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा, साधारण १८ मीटर लांब, आणि तारांच्या टोकाला विमान. तारा विमानातल्या बेलक्रँकला, म्हणजे शेपटीची फळी हलवणाऱ्या फिरत्या पट्टीला, जोडलेल्या असतात. मनगट वर झुकवलं की विमान चढतं, खाली झुकवलं की उतरतं, आणि माणूस त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरत राहतो. रेडिओ नाही, रिमोट नाही. अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४०च्या आसपास ही पद्धत लोकप्रिय केली. आपल्याकडे ती अनेकांना एनसीसीच्या एअर विंगमुळे माहीत झाली.

यातल्या बहुतेक विमानांना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करायची सोय, नसते. विमान हातातून सुटलं की टाकी संपेपर्यंत इंजिन आपल्या मर्जीनं चालणार. हवेत काही दुरुस्त करता येत नाही. लूपच्या ऐन माथ्यावर, डोक्यावर विमान असताना इंजिन गचकलं तर तारा सैल पडतात, आणि सैल तारांनी विमान वळत नाही. महिनोन्‌महिने घासून-पुसून, कागद ताणून, त्यावर डोप नावाचं वार्निश लावून केलेलं विमान जांभ्या दगडावर आपटतं. म्हणून जमिनीवर इंजिनाचं ऐकणं ही या छंदातली अर्धी विद्या आहे असं मी मानतो.

ऐकायचं काय, तर मिश्रण रिच आहे की लीन. इंधन जास्त असलं की आवाज जाड, भरलेला, थोडा अडखळणारा येतो, कारण टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला न पेटता एक फेरा सोडून पेटतं. इंधन कमी झालं की आवाज चढतो, पातळ होतो, शेवटी त्याला पत्र्यासारखी किनार येते. ती किनार ऐकू आली की इंजिन तापतंय असं समजा. कसरतीच्या विमानांचे लोक इंजिन मुद्दाम या दोन्हींच्या सीमेवर लावतात. सरळ उडताना ते जाड आवाजात चालतं, नाक वर केलं की भार वाढून पातळ सुरात जातं आणि जादा ताकद देतं, सरळ झालं की पुन्हा जाड. हे नीट लागलेलं इंजिन ऐकायला मिळालं तर जरूर ऐका. मला तरी त्याच्याइतका समाधानाचा यांत्रिक आवाज दुसरा माहीत नाही.

आणि हे सगळं इतकं नाजूक का, तर आपल्या नेहमीच्या ग्लो इंजिनाचं, म्हणजे प्लगमधल्या तापलेल्या तारेनं पेटणाऱ्या इंजिनाचं, इंधन मिथेनॉल असतं. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, मिथेनॉलला फक्त ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन जायला हवं. नळीत बुडबुडा आला, कचऱ्याचा कण अडकला, की लगेच जाणवतं.

आता टाकी. चोर्ला घाटातून कदंबा बसनं गेलेल्या कुणालाही हे कळेल: बस डावीकडे वळली की आपण उजवीकडच्या माणसावर जातो. आपलं विमान तर सतत डावीकडेच वळत असतं. ताशी ८० किलोमीटर वेगानं, १८ मीटरच्या वर्तुळात, एक फेरी साधारण ५ सेकंदांत. हिशेब केला तर बाहेरच्या दिशेची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या पावणेतीन पट निघते. किलोभराचं विमान हँडलला पावणेतीन किलोनं ओढतं, ते हाताला कळतं. टाकीतल्या इंधनाचं काय होतं ते मात्र दिसत नाही. ते सगळं बाहेरच्या भिंतीला, उजव्या पंखाच्या बाजूला, चिकटून उभं राहतं. जमिनीवर आपण जी पातळी बघतो तिला हवेत काही अर्थ उरत नाही. म्हणून पिकअपची, म्हणजे इंजिनाला इंधन नेणारी, नळी टाकीच्या मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यात असावी लागते, आणि म्हणूनच कंट्रोल लाइनच्या चांगल्या टाक्या पाचरीच्या आकाराच्या असतात. शेवटचा थेंबही त्या कोपऱ्यातच जमतो.

आणखी एक भानगड आहे. साधी हवेची नळी असलेल्या टाकीत इंधन जसजसं कमी होतं तसतसा त्याचा पृष्ठभाग इंजिनापासून बाहेर सरकत जातो. टाकी ५ सेंटिमीटर रुंद असली तर भरलेली आणि रिकामी यांच्यात, त्या पावणेतीन पटीमुळे, सुमारे पावणेचौदा सेंटिमीटर उंचीचा फरक पडल्यासारखं होतं. उड्डाणाच्या सुरुवातीला इंजिन मजेत आणि शेवटी लीन होऊन तापलेलं, हा जो नेहमीचा अनुभव येतो त्याचं कारण हे. यावरचा इलाज म्हणजे युनिफ्लो. हवेची नळी टाकीच्या आत पिकअपच्या जवळ, त्याच बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची. हवा तिथूनच आत येते, तिथला दाब कायम तोच राहतो, टाकी भरलेली असो की संपत आलेली. कल्पना इतकी सुंदर आहे की पहिल्यांदा समजली तेव्हा मी तिची आकृती घरातल्या प्रत्येकाला काढून दाखवली होती. पण तिची एक अट आहे: टाकीला दुसरं भोक उघडं राहता कामा नये. इंधन भरायच्या नळीवरचं टोपण हरवलं आणि तसंच उडवलं, की युनिफ्लो संपला, पुन्हा साधी टाकी. आणि हवेची नळी पिकअपला अगदी खेटून असली तर आत येणारे बुडबुडे थेट पिकअपमध्ये जातात. अर्धा-पाऊण सेंटिमीटर अंतर ठेवावं.

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या वाड्यावरचा एक मुलगा विमान घेऊन आला. डिचोलीकडच्या त्या सड्यावर थंडीत नऊ-साडेनऊपर्यंत वारा नसतो, पुढे समुद्राकडून वारं सुटतं आणि तारा सांभाळणं कठीण होतं. त्यामुळे घाई होती. त्याचं इंजिन एका फटक्यात सुरू व्हायचं, दोन-तीन फेऱ्या छान, मग सूर चढत जाऊन बंद. तो नीडल उघडत होता. उघडली की एक फेरी जास्त मिळायची, तेवढंच.

"काका, परत बंद पडलें," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, नीडल सोड, इंजिन बंद पडल्या पडल्या टाकीवरची नळी काढून बघ. त्यानं काढली आणि 'फुस्स' आवाज आला. टाकी बाहेरून हवा ओढून घेत होती. म्हणजे हवेची नळी बंद. इंधन बाहेर जात होतं, त्याच्या जागी हवा येत नव्हती, आत पोकळी तयार होऊन इंजिन उपाशी राहत होतं. तार घालून बघितलं तर नळीच्या आत बोटभर अंतरावर वाळलेली तांबडी माती, घट्ट बसलेली, आणि ती फोडल्यावर आतून निघाली एक सुकलेली अळी. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. पावसाळाभर विमान पडवीत टांगलेलं होतं, तेवढा वेळ तिला पुष्कळ झाला.

हे फक्त आपल्या खेळण्यांचं दुखणं नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन विमानतळावर अशाच माश्या खऱ्या विमानांच्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत माती भरतात. २०१३ साली तिथून उडालेलं एक ए३३० विमान वेग चुकीचा दिसू लागल्यामुळे परत उतरवावं लागलं होतं, आणि नळीत निघालं ते माशीचं मातीचं घर. त्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्यानं ती अळी काडेपेटीत भरून शाळेत नेली.

टाकीतला दुसरा दोष बारीक भोकाचा. पत्र्याच्या टाकीत डाख सुटतो, बहुधा आतल्या पिकअपच्या नळीच्या मुळाशी, किंवा नळीलाच चीर जाते. कंपनानं असं होतं. लक्षण विचित्र असतं: टाकी भरलेली असताना सगळं ठीक, अर्ध्यावर आली की इंजिन शिंकल्यासारखं करतं. कारण तोपर्यंत चीर इंधनात बुडालेली असते, मग उघडी पडते आणि तिथून हवा ओढली जाते. बाहेरचं भोक शोधणं सोपं. टाकी पाण्याच्या बादलीत बुडवायची, एक सोडून सगळ्या नळ्या बोटांनी बंद करायच्या आणि उरलेलीतून हलकेच फुंकायचं. बुडबुडे दाखवून देतात. त्याआधी टाकी नीट रिकामी करून धुवायची, कारण मिथेनॉल तोंडात जाता कामा नये. ते विष आहे, डोळे घेतं, जीव घेतं, आणि कातडीतूनही आत जातं. त्याची ज्योतही दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. मुलांना इंधनाच्या बाटलीला हात लावू देण्याआधी मी हे दोन्ही सांगतो, आणि ते बाटलीवर ठळक लिहूनही ठेवतो. आतल्या नळीची चीर मात्र बादलीत सापडत नाही. तिथे टाकी उघडून नवी नळी डाखण्याला पर्याय नाही.

फेस हा तिसरा. इंजिनाचे बोल्ट सैल असले, पंख्याचा तोल बिघडला असला, की टाकी थरथरते आणि आतलं इंधन फेसाळतं. पारदर्शक नळी वापरली तर हे डोळ्यांनी दिसतं: नळीतून बारीक बुडबुड्यांची माळ जाताना दिसली की टाकीखाली स्पंजचा तुकडा घाला आणि बोल्ट आवळा. नळीचं टोकही बघा. इंजिनाच्या स्प्रेबारवर, म्हणजे नीडल बसते त्या इंधनाच्या नळकांडीवर, चढवून-उतरवून ते चिरतं. अर्धा सेंटिमीटर कापून टाकलं की काम झालं. यात विचार करण्यासारखं काही नाही, पण बंद पडलेली कितीतरी इंजिनं मी एवढ्यावर पुन्हा चालू झालेली पाहिली आहेत.

टाकी आणि नळी निर्दोष ठरली की मग खुद्द इंधन. इथे गोव्याची हवा आपल्या विरुद्ध असते. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पापडसुद्धा डब्याबाहेर टिकत नाही. अर्धी रिकामी बाटली, वर सैल झाकण, आणि तीच बाटली दिवाळीनंतर काढून वापरली, तर इंजिन एका सेटिंगवर टिकणार नाही. सुरू करताना प्लगला लावलेली बॅटरी काढली की इंजिनाचे फेरे कमी होतील. हे प्लग खराब असल्यावरही होतं, म्हणून आधी नवा प्लग लावून बघायचा, मग ताजं इंधन. प्लगमध्ये प्लॅटिनम असलेल्या तारेचं वेटोळं असतं. बॅटरी काढल्यावरही ते लाल राहतं, कारण प्लॅटिनमवर मिथेनॉलची प्रक्रिया होऊन उष्णता मिळत राहते. पाणी मिसळलं की ही गंमत फिकी पडते.

मिश्रण साधं ठेवावं. मिथेनॉल ८० टक्के आणि एरंडेल २० टक्के. जागतिक स्पर्धांत वेगाच्या वर्गात हेच प्रमाण सगळ्यांना दिलं जातं. जुन्या, साध्या बेअरिंगच्या इंजिनांना मी एरंडेल २५ टक्क्यांपर्यंत घालतो. ताकद वाढवायला घालतात त्या नायट्रोमिथेनच्या मागे धावू नये, ते मिळवणंही कठीण आणि शिकाऊ विमानाला त्याची गरजही नाही. तेल मात्र कमी करू नये. एरंडेल लीन झालेल्या इंजिनालाही बराच वेळ वाचवतं, इतकी त्याची वंगण टिकवायची ताकद आहे. जळालेल्या एरंडेलाचा तो वास कपड्यांना दिवसभर राहतो. घरच्यांना तो आवडत नाही, मला आवडतो.

डिझेल इंजिनाचं वेगळंच. त्याला प्लग नाही, बॅटरी नाही, नुसत्या दाबानं पेटतं. त्याचं नेहमीचं मिश्रण ईथर, केरोसीन आणि एरंडेल, तिन्ही समान. पण ईथर ३४.६ अंशांना उकळतं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे पारा ३३-३४ वर असतो. गाडीच्या डिकीत तर विचारायलाच नको. म्हणजे उन्हात ठेवलेल्या बाटलीतून ईथर उडून जाणार, आणि ईथर गेलं की इंजिन कितीही फटके मारले तरी पेटत नाही. लोक दाबाचा स्क्रू आवळत बसतात आणि शेवटी कनेक्टिंग रॉड वाकवतात. बाटली उजेडात धरून बघितली असती तर कळलं असतं. एरंडेल आणि केरोसीन एकमेकांत नीट मिसळत नाहीत, त्यांना एकत्र धरून ठेवतं ते ईथर. ते कमी झालं की स्वच्छ इंधन गढूळ होतं आणि पुढे त्याचे दोन थर पडतात. इतकी स्पष्ट खूण दुसऱ्या कुठल्या इंधनात मिळायची नाही. माझी डिझेलची बाटली बर्फाच्या डब्यात असते, छोटी, गळ्यापर्यंत भरलेली. आणि डिझेलला सिलिकॉनची नळी किंवा सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी चालत नाही, केरोसीननं ती फुगून सुटते.

डिझेलवाल्यांबद्दल मला विशेष आदर आहे तो टीम रेसमुळे. एफ२सी नावाच्या या वर्गात तीन विमानं एकाच वर्तुळात उडतात, १०० फेऱ्या म्हणजे १० किलोमीटर, आणि टाकीत इंधन फक्त ७ घनसेंटिमीटर. दीड चमचासुद्धा नाही. मध्ये उतरायचं, मेकॅनिकनं विमान पकडायचं, भरायचं, पंख्याला एक फटका, सोडायचं. तिथे इंधनाचा दोष शोधायला वेळच नसतो. तो घरीच संपवून यावा लागतो.

इतकं झाल्यावर टाकीची उंची. विमान सरळ आणि उलटं दोन्हीकडून उडवून फेरीचा वेळ मोजायचा. उलटं उडताना इंजिन लीन होऊन वेग वाढत असेल तर टाकी वर बसली आहे, खाली घ्या. उलटं असताना रिच होत असेल तर टाकी खाली आहे, वर घ्या. एका वेळी मिलिमीटर, दीड मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. टाकीखाली सरकवायला मी पातळ प्लायच्या पट्ट्या कापून ठेवतो. हे काम संथ आहे, एका सकाळीत संपेलच असं नाही, पण याच कामानं विमान बदलून जातं. सरळ आणि उलट्या फेरीचा वेळ जुळला की कसरती आपोआप गोल येतात, कारण मनगटाला दोन वेगवेगळी विमानं सांभाळावी लागत नाहीत.

आणि आता नीडल. तीही फिरवायच्या आधी बघायची. तिच्या आट्यांमधून हवा आत शिरत असेल तर कुठलंच सेटिंग टिकत नाही. आट्यांवर इंधनाच्या नळीचा छोटा तुकडा चढवला की झिरपणं थांबतं. सड्यावरची लाल धूळ फार बारीक असते, भरताना एक कण गेला तरी पुरतो. इंजिन उत्तम चालताना अचानक लीन झालं, नीडल उघडली की सावरलं आणि थोड्या वेळानं आपण होऊन फारच रिच झालं, तर कण अडकून सुटला असं खुशाल समजावं. भरण्याच्या नळीत एक गाळणी आणि इंजिनाआधी दुसरी, एवढा खर्च करावा. हे सगळं बघून झालं की नीडल लावा. जमिनीवर जरा रिच ठेवा, कारण हवेत पंख्यावरचा भार हलका होऊन फेरे वाढतात. नाक आभाळाकडे करून पाच सेकंद धरा. आवाज चढला आणि टिकला तर सोडा. चढून मरायला लागला तर अजून लीन आहे.

वर तारा नाहीत ना, हेही त्याच वेळी बघा. आपल्या तारा पोलादाच्या आहेत आणि विजेच्या तारांजवळ उडवणं म्हणजे जिवाशी खेळ. अशा जागी मी कुणालाही विमान सुरू करू देत नाही, मग तो कितीही लांबून आलेला असो.

पावसाळा लागायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करायची, नळी काढून इंजिन चालवून सुकवायचं, दोन थेंब तेल सोडून पंखा हातानं फिरवायचा आणि सगळ्या नळ्यांच्या तोंडाला टोपणं लावायची. एरंडेल आत सुकून इंजिन जाम झालंच तर पंख्यानं जोर लावू नका. हेअर ड्रायरनं गरम केलं की सुटतं. यंदा त्या मुलानं आणि त्याच्या दोन मित्रांनी पावसाळ्यात माझ्याकडे टाक्या करायला शिकायचं ठरवलं आहे. पत्रा कापायची कात्री, डाख आणि पितळी नळ्या माझ्याकडे आहेत. खोबरेल तेलाचे जुने पत्र्याचे डबे तेवढे त्यांनी आणायचे, आणि पाचरीच्या आकाराची युनिफ्लो टाकी पहिली करायची.